शुगरवाल्या माणसाला तेल कुठलं द्यावं? (सासऱ्यांचा रिपोर्ट आणि घरातल्या तीन पार्ट्या)

केतकी_पंचवटी
नमस्कार मंडळी, इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. सासरे ६४ वर्षांचे, शुगर निघून नऊ वर्षं झाली, गोळ्या चालू आहेत, इन्सुलिन नाही. फेब्रुवारीत त्यांच्या शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी लांबलचक मेसेज टाकला की रिफाइंड तेल म्हणजे विष आहे, शुगर वाढते ती त्यानेच, खोबरेल आणि साजूक तूप खा आणि बघा. झालं. दुसऱ्या दिवशी घरातला सूर्यफुलाचा कॅन कामवाल्या मावशींना देऊन टाकला (त्यांना विष चालतं बहुतेक) आणि तेव्हापासून भाजी आमटी सगळं खोबरेलात, पोळीला तूप, पहाटे कोमट पाण्यात वर एक चमचा तूप. वांग्याच्या भाजीला खोबरेलाचा वास आला की मला डोक्याला तेल चोपडून जेवायला बसल्यासारखं वाटतं. गोवा-मालवणवाल्यांनी हलके घ्या.

परवा रिपोर्ट आले. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ७.४ होता तो ७.९ झालाय आणि एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ९६ चं १३८! डॉक्टर चिडले, सासरे डॉक्टरांवर चिडले, आणि आता घरात तीन पार्ट्या आहेत, सासरे खोबरेल सोडायला तयार नाहीत, नवऱ्याला ऑफिसात कुणीतरी राईस ब्रान (भाताच्या कोंड्याचं तेल) सांगितलंय, आणि सासूबाई म्हणतात आमच्या वेळी गोडेतेल (शेंगदाण्याचं) होतं तेच आणा. तर सरळ प्रश्न, तेल कुठलं? नाव सांगा, मी घेऊन येते आणि विषय संपवते.

शंकेखोर
तेलाचा धागा काढून "विषय संपवते" म्हणताय! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (पॉपकॉर्न कुठल्या तेलात ते विचारू नका.)

अण्णा_औसेकर
करडई. दुसरं नाव घेऊ नका. आमच्याकडं ज्वारीच्या पाटाला करडईचे तास असायचे, काट्यामुळं जनावर आत शिरत नसे, आणि वर्षाचं तेल घरचं. आता काढणीला माणूस मिळत नाही, काटे कोण सोसणार, सगळा भाग सोयाबीनवर गेला. आमचे वडील ८८ वर्षं जगले, करडईच्या तेलावर कच्चा कांदा आणि हिरवी मिरची, बस.

फोंडेकर
केतकीताई, हलकं घेतलं :) पण आमच्या खोबरेलाची बदनामी नको. आजोबांच्या घरात नारळाशिवाय दुसरं तेल आलंच नाही, कुणाला शुगर नव्हती.

शंकेखोर
फोंडेकर, मग २०२३ मध्ये आयसीएमआरचा तो देशभराचा मधुमेहाचा सर्व्हे आला त्यात गोवा पहिल्या नंबरावर कसा हो? २६.४ टक्के. देशाची सरासरी ११.४.

फोंडेकर
ठाऊक आहे तो आकडा, प्रत्येक लग्नात कोण ना कोण ऐकवतो. पण तो नारळावर कशाला ढकलता? आजोबा कुळागरात (नारळ-पोफळीच्या बागेत) दिवसभर चढ-उतार करायचे, भात खायचे तो पचायचा. मी सकाळी पोदेराचे दोन पाव, दुपारी तेवढाच भात, आणि चढ-उतार म्हणजे ऑफिसची लिफ्ट. शिवाय तेव्हा खोबरेल लागायचं ते फोडणीपुरतं, तळण सणाला. नारळ खाल्ला तो वाटून, हुमणात (माशाच्या आमटीत). हे तीन तीन चमचे ओतणं आत्ताचं आहे.

रात्रपाळी
(एमडी मेडिसिन आहे, सरकारी नोकरी, म्हणून हा आयडी.)

केतकीताई, नाव सांगण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण त्या मेसेजची सगळी गडबड तिथेच आहे. तेलात कार्ब नसतात, चमचाभर तेल प्यायलं तर ग्लुकोमीटरवर लगेच काही दिसणार नाही, मग ते सूर्यफूल असो की खोबरेल. तेल शुगरला भिडतं ते दोन वळशांनी. एक म्हणजे कॅलरी, ग्रॅमला ९, भात-पोळीच्या दुपटीहून जास्त, त्यातून पोट आणि लिव्हरवर चरबी साठते आणि शरीर इन्सुलिनचं ऐकेनासं होतं. दुसरं म्हणजे हृदय. शुगरच्या पेशंटला हार्ट अटॅकचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट, आणि तेलाच्या प्रकाराचा खरा हिशोब तिथे लागतो, साखरेच्या आकड्यात नाही. त्यामुळे तुमच्या रिपोर्टमध्ये मला ७.९ पेक्षा १३८ जास्त खटकलं.

आता मला सांगा, घरात माणसं किती आणि महिन्याला तेल किती येतं? तूप धरून.

केतकी_पंचवटी
डॉक्टर, माणसं चार (लेक होस्टेलला). तेल फार नाही लागत आमच्याकडे, तळण वगैरे कमीच असतं.

आजीचा_डबा
"फार नाही लागत" असं प्रत्येक घरात म्हणतात गं. कॅन किती दिवस जातो ते बघ.

तेलवैद्य_२४
मधुमेह मुळापासून घालवणारे खास सिद्ध तेल. ४५ दिवसांत गोळ्या बंद. इनबॉक्स करा.

शंकेखोर
संपादक, हे उडवा. आणि तोपर्यंत कुणी इनबॉक्स करू नका रे.

घाण्यावरचा
माझा स्वतःचा लाकडी घाणा आहे, बारामतीकडे, त्यामुळे माझ्या बोलण्यात धंदा आहे असं आधीच धरून चाला. शेंगदाण्याचं एक लिटर काढायला अडीच किलोच्या आसपास दाणे लागतात, मग बाजारातला दाण्याचा भाव बघा, अडीचने गुणा, आणि त्याच्या खाली कुणी "शुद्ध घाण्याचं" देत असेल तर त्यात काय आहे ते तुम्हीच ओळखा. पेंड विकून थोडे सुटतात पण इतके नाही.

घाण्याच्या तेलात वास राहतो, चव राहते, ई व्हिटॅमिन बरंच टिकतं. रिफाइंडला आधी कॉस्टिक लावतात, मग मातीतून गाळून रंग काढतात, मग दोनशेच्या वर तापमानाला वाफ सोडून वास घालवतात. पण उलटी बाजूही सांगतो जी आमच्यातले बरेच सांगत नाहीत. दाणा बुरशीचा असला तर त्यातलं विष, अफ्लाटॉक्सिन, घाण्याच्या तेलात उतरतं, रिफाइंडमध्ये ते कॉस्टिकच्या वेळी निघून जातं. म्हणून आमच्याकडे तीन बायका फक्त दाणे निवडायला आहेत. आणि गिऱ्हाईक म्हणतं घाण्याचं आहे, कितीही खाल्लं तरी बाधत नाही, तेव्हा मी गप्प बसतो, हे चूक आहे माझं. कॅलरी तेवढ्याच.

विदर्भी_तर्री
राजेहो, सगळे तेलावर बोलून राहिले, जवसावर कोणीच नाही? आमच्याकडे जवसाची चटणी रोज लागते, भाकरीवर चटणी अन् वर कच्चं तेल. ओमेगा थ्री का काय म्हणते ते त्यात भरपूर म्हणते.

रात्रपाळी
बरोबर, जवसाच्या तेलात निम्म्याच्या वर तेच असतं. पण ते तेल फोडणीला वापरू नका, तापलं की लवकर खराब होतं. भाजून कुटलेली चटणीच उत्तम, तिच्यात फायबरही मिळतं. तुमचं नाव मात्र तर्री आहे, त्याचं काय करायचं :)

विदर्भी_तर्री
तर्री महिन्यातून एकदा, सावजीत जाऊन. डॉक्टर, तेवढं राहू द्या न.

केतकी_पंचवटी
आले, मोजून आले. आणि आता कुणाला सांगायची लाज वाटतेय.

फोनवर किराण्याची सगळी बिलं आहेत. फेब्रुवारीच्या आधी महिन्याला ५ लिटरचा कॅन आणि "कमी पडलं" म्हणून वर १ लिटर, म्हणजे ६ लिटर. आता खोबरेल ५ लिटर आणि तूप १ किलो. मला खरंच वाटायचं की आम्ही कमी तेलातलं खातो कारण वडे-भजी महिन्यातून एकदाच होतात. मग दोन दिवस स्वयंपाकघरात नुसतं बघत बसले. तेलाच्या भांड्यात पळी आहे, तिला सगळे "चमचा" म्हणतात, पण मोजली तर ती तीन चहाच्या चमच्यांची निघाली! म्हणजे "दोन चमचे तेलात भाजी केली" हे सहा चमचे. आणि पोळी बघा, कणकेत तेल, घडीत तेल, भाजताना कडेने तेल, आणि डब्यात ठेवताना वरून तूप. एका पोळीला चार वेळा आंघोळ.

रात्रपाळी
लाजायचं काय, माझ्या आईकडे हेच निघालं होतं. हिशोब मांडू. लिटरभर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. ६ लिटर भागिले चार माणसं भागिले ३० दिवस, माणशी रोज ४५ ग्रॅम. आता खोबरेल अधिक तूप धरून ४६. म्हणजे तेल बदललं पण माप जिथल्या तिथे. ४५ ग्रॅमच्या चारशे कॅलरी झाल्या, चार पोळ्यांइतक्या, ज्या पानात कुणाला दिसल्याच नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या ताटात २००० कॅलरीच्या आहारात वरून घालायचं तेल-तूप धरलंय २७ ग्रॅम, म्हणजे महिन्याला माणशी ९०० मिलीच्या आत. वजन जास्त असलेल्या शुगरच्या पेशंटला आम्ही अर्धा लिटर सांगतो, ते रोजचे १५ ग्रॅम, तीन-सव्वातीन चमचे. सासऱ्यांचं वजन किती?

आणि आता तुमच्या १३८ कडे बघा. सूर्यफुलात सॅच्युरेटेड (थंडीत गोठणारी) चरबी दहा-बारा टक्के, तुपात साठच्या वर, खोबरेलात नव्वदच्या आसपास. आधी रोज पोटात जायची ५ ग्रॅम, ती झाली ४० च्या आसपास. डब्ल्यूएचओ म्हणते एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, २००० कॅलरीला ते २२ ग्रॅम होतात, आणि त्यात दूध-मटण-बिस्किटं सगळं आलं. सॅच्युरेटेड वाढली की बहुतेकांचं एलडीएल चढतं, यात आता वाद उरलेला नाही. खोबरेलाने एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) पण वाढतं हे खरं, पण त्याने एलडीएलचं नुकसान भरून येतं असं दिसलेलं नाही.

केतकी_पंचवटी
वजन ८१, उंची पाच-पाच. पाच वरून ४० हे वाचून नवऱ्याला दाखवलं, तो म्हणाला राईस ब्रान मागव आत्ताच्या आत्ता.

शंकेखोर
एक मिनिट. माझा आयडी फुकट ठेवलेला नाही. चार महिन्यांत एलडीएल ४२ ने वर, हे सगळं नुसत्या तेलाने? केतकीताई, सासऱ्यांना कोलेस्टेरॉलची गोळी असेलच, नऊ वर्षांच्या शुगरला बहुतेक असतेच. ती चालू आहे ना? मेसेजमध्ये गोळीबद्दल काही होतं का, ते जरा बघा.

केतकी_पंचवटी
शंकेखोर, तुमच्या तोंडात साखर पडो (ह्या धाग्यावर नको म्हणा).

संध्याकाळी चहाच्या वेळी हळूच विचारलं. आधी "घेतो की" म्हणाले. मग सासूबाईंनी पाकीट आणलं, मोजलं, आणि एप्रिलपासून दिवसाआड घेतायत हे निघालं. मेसेजच्या शेवटी होतंच, "कोलेस्टेरॉल हा शत्रू नाही, गोळी कंपन्यांचा कट आहे". डॉक्टरांना हे सांगितलेलंच नाही! आणि वर रागावले आमच्यावर की तुम्ही माझ्यावर पाळत ठेवता. रात्री जेवले नाहीत, ११ वाजता फ्रीज उघडल्याचा आवाज आला ते सोडून द्या.

रात्रपाळी
शाब्बास शंकेखोर. मग १३८ मध्ये तेल किती आणि सुटलेली गोळी किती हे आता वेगळं काढता येणार नाही, दोन्ही एकदम हललंय. उद्याच्या उद्या त्यांच्या डॉक्टरांना फोन करा आणि हे खरं खरं सांगा, नाहीतर ते १३८ बघून डोस वाढवतील आणि पेशंट ती पण दिवसाआड घेईल. डोसबद्दल मी इथे काही बोलणार नाही.

न्यू_जर्सीची_माई
उशिरा आले धाग्यावर. मला स्वतःला १४ वर्षं टाईप टू आहे. इथे आल्यावर ऑलिव्ह ऑइल धरलं आणि डॉक्टर (रात्रपाळी) तुमच्या माप-माप-मापाला माझा थोडा विरोध आहे. स्पेनमधला तो मोठा अभ्यास, प्रेडिमेड, त्यात जवळजवळ साडेसात हजार लोक होते, निम्म्यांना मधुमेह होता, आणि त्यातल्या एका गटाला आठवड्याला घरटी एक लिटर एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह ऑइल दिलं होतं. आठवड्याला! कॅलरी मोजायला सांगितलं नव्हतं. तरी हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे तीसेक टक्क्यांनी कमी. मग?

अवांतर, इथल्या इंडियन स्टोअरमध्ये मोहरीच्या तेलाच्या बाटलीवर "फक्त बाहेरून लावण्यासाठी" असं छापलेलं असतं, त्यातल्या इरुसिक ॲसिडमुळे खायचं म्हणून विकायला परवानगी नाही, आणि शेजारची बंगाली बाई तीच बाटली माशाला वापरते आणि मला डोळा मारते.

शंकेखोर
माई, प्रेडिमेडचा २०१३ चा पेपर २०१८ मध्ये मागे घेतला होता ना पण?

न्यू_जर्सीची_माई
घेतला होता, काही ठिकाणी लोकांची गटवारी चिठ्ठीप्रमाणे झाली नव्हती म्हणून. पुन्हा आकडेमोड करून त्याच वर्षी परत छापला, निष्कर्ष जवळपास तोच आला. अर्धी गोष्ट सांगू नये.

रात्रपाळी
माईंचा मुद्दा रास्त आहे आणि मी खोडणार नाही. तेल हे नेहमी कशाच्या तरी जागी येतं. स्पेनच्या लोकांनी ते लिटरभर तेल भाज्या, डाळी, मासे, सॅलड यांच्यावर घातलं, मैद्याच्या पुरीत नाही. आपल्याकडे तेल चढतं ते मुळातच भात-पोळी-पोहे-साबुदाणा अशा कार्बच्या डोंगरावर, वर अजून एक मजला. कार्ब तसेच ठेवून तेल वाढवायचं आणि कार्ब काढून त्या जागी चांगलं तेल घ्यायचं, ह्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. २०१६ मध्ये १०२ फीडिंग ट्रायल्स (लोकांना ठरवून खाणं देऊन केलेले प्रयोग) एकत्र करून बघितल्या होत्या. रोजच्या कॅलरीतल्या ५ टक्के कार्बमधून काढून अनसॅच्युरेटेड (थंडीत न गोठणाऱ्या) तेलाला दिल्या तर एचबीएवनसी कमी झाला, किती, तर ०.१ च्या आसपास. म्हणजे ७.९ चा ७.८. फायदा खरा आहे पण मेसेजवाल्यांना पुरणारा नाही.

सीजीएम (अंगावर लावून सतत शुगर मोजणारं यंत्र) लावलेल्या पेशंटमध्ये अजून एक दिसतं. छोले-भटुरे खाल्ले की दोन तासांनी शुगर चांगली दिसते, माणूस खूश, आणि चौथ्या तासाला चढते आणि खाली यायचं नाव घेत नाही. चरबीने पोट उशिरा रिकामं होतं, म्हणून चढण पुढे ढकलली जाते, टळत नाही.

अण्णा_औसेकर
डॉक्टर, करडईबद्दल एक शब्द नाही काढला तुम्ही अजून.

रात्रपाळी
अण्णा, तुमच्यासाठी राखून ठेवलं होतं. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत टाईप टू असलेल्या, वजन जास्त असलेल्या पाळी गेलेल्या बायकांना रोज फक्त ८ ग्रॅम करडईचं तेल दिलं, १६ आठवडे, २०११ चा पेपर आहे. एचबीएवनसी अर्ध्या टक्क्याहून जास्त उतरला, एचडीएल वाढलं. बायका तीस-पस्तीसच होत्या, त्यामुळे तेवढ्यावर ढोल वाजवू नका. पण करडई-सूर्यफुलातल्या लिनोलेइक ॲसिडने (त्यांच्यातली मुख्य चरबी) मधुमेह होतो, सूज वाढते असं जे फिरतंय त्याच्या उलट पुरावा आहे. २०१७ मध्ये वीस अभ्यासांतले जवळपास चाळीस हजार लोक एकत्र धरले, ज्यांच्या रक्तात ते जास्त त्यांना पुढे टाईप टू कमी झाला. आता निरीक्षणाचा अभ्यास आहे, कारण-परिणाम त्यातून सिद्ध होत नाही, तरी विष म्हणायला जागा उरत नाही.

अण्णा_औसेकर
८ ग्रॅम म्हणजे दोन चमचे पण नाही. कच्च्या कांद्यावर वडील तेवढंच घ्यायचे. पेपर आता छापला त्यांनी!

केतकी_पंचवटी
अहो पण नाव कुठलं???

रात्रपाळी
:) शेंगदाणा, तीळ, करडई, सूर्यफूल, राईस ब्रान, मोहरी, सोयाबीन, यातलं कुठलंही. दर दोन-तीन महिन्यांनी बदला, किंवा दोन ठेवा, एक फोडणीला आणि एक पोळीला. तिळाचं आणि राईस ब्रानचं मिश्रण टाईप टूच्या पेशंटना आठ आठवडे देऊन शुगर आणि कोलेस्टेरॉल दोन्ही उतरल्याचं एका ट्रायलमध्ये आलंय, तुमच्या नवऱ्याची पार्टी अगदीच वाऱ्यावर नाही. सासूबाईंचं गोडेतेल तर उत्तमच, त्यात निम्म्याच्या जवळ मोनोअनसॅच्युरेटेड (हृदयाला बरी चरबी) असतं. खोबरेल आवडत असेल तर आठवड्यातून एखाद्या सोलकढीवाल्या जेवणाला, रोज नाही. तूप वरणभातावर चहाचा अर्धा चमचा, पहाटेचं बंद. वनस्पती तूप (डालडा) आणि खारी-नानकटाई बंद. २०२२ पासून ट्रान्स फॅटची (डालड्यातली हृदयाला घातक चरबी) मर्यादा २ टक्क्यांवर आणलीय, त्यामुळे पूर्वीइतकं भयंकर नाही, पण सुट्या बेकरी मालात काय घातलंय ते कोण बघतंय.

आणि बाटलीवर "कोलेस्टेरॉल-फ्री" लिहिलंय म्हणून वीस रुपये जास्त देऊ नका. वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल मुळात नसतंच.

घाण्यावरचा
हे शेवटचं वाक्य माझ्या दुकानाच्या दारावर लावतो.

आजीचा_डबा
आता थोडं स्वयंपाकाचं बोलू का? डॉक्टर माप सांगून मोकळे होतात, कढईसमोर आपण असतो. केतकी, पळी आधी फेकून दे, त्या जागी चहाचा चमचा. बिडाची (ओतीव लोखंडाची) कढई वापर, चांगली मुरलेली असली की चमचाभर तेलात भाजी लागत नाही. फोडणी तेवढ्याच तेलात कर, मोहरी तडतडली की भाजी टाक आणि वर ताटात पाणी ठेवून झाक, खालून वाफ, ते ताटातलं कोमट पाणीच मग भाजीत घालायचं, माझी आजी असंच करायची आणि तेव्हा कुणी त्याला डाएट म्हणत नव्हतं, तेल महाग होतं म्हणून. कांदा परतताना कोरडा पडला की पाण्याचा हबका, तेल नाही. "तेल सुटेपर्यंत परता" हे रेसिपीत वाचलं की पान उलट. पोळीला फक्त घडीत बोट फिरव, बाकी तीन आंघोळी बंद. थालीपिठाला भोकं पाडतो ती तेल सोडायला, तिथे मात्र हात आखडू नको, त्या दिवशी भाजी बिनतेलाची कर, काकडीची कोशिंबीर घे.

आणि तेल कमी केलं की चव जाते म्हणून हात आपोआप कुटाकडे जातो. दाण्यात निम्मी चरबीच असते, चार चमचे कूट म्हणजे चमचा-दीड चमचा तेल आलंच. चांगली चरबी आहे, वाईट नाही, पण हिशोबात धर.

केतकी_पंचवटी
आजी, ताटातल्या पाण्याची आयडिया सासूबाईंना सांगितली तर म्हणाल्या हे मला माहितीये, तुम्ही लोकांनीच गॅस फुल करून करायला लावलं. गप्प बसले.

एक राहिलं, तळणीचं उरलेलं तेल? आमच्याकडे ते गाळून डब्यात जातं आणि पुढचे पंधरा दिवस फोडणीत. टाकवत नाही हो.

रात्रपाळी
तेल तापत राहिलं की त्यात पोलर कंपाउंड्स (तेल खराब होताना तयार होणारे घटक) वाढतात, हॉटेलवाल्यांना एफएसएसएआयने (केंद्राची अन्नसुरक्षा संस्था) २०१८ पासून २५ टक्क्यांची मर्यादा घातलीय, त्यापुढे ते तेल बायोडिझेलला द्यायचं. घरात मोजायचं यंत्र नाही, म्हणून साधा नियम, कढई लहान घ्या, तेल कमी ओता, उरलेलं गाळून दोन-तीन दिवसांत भाजीत संपवा, त्यात परत तळू नका. काळपट, चिकट, फेसाळ झालं असेल तर टाका. सिंकमध्ये नको, बाटलीत भरून.

विदर्भी_तर्री
म्हणजे कोपऱ्यावरचा भजेवाला गेला. चांगला माणूस होता.

केतकी_पंचवटी
पाच आठवड्यांनी येतेय, धागा वर काढल्याबद्दल माफी.

डॉक्टरांना फोन केला होता, त्यांनी गोळी आधीचीच रोज घ्यायला सांगितली, तीन महिन्यांनी रक्त. गोळीचा डबा आता सासूबाईंच्या ताब्यात. तेल दोन आहेत, फोडणीला घाण्याचं शेंगदाणा आणि पोळीला राईस ब्रान, म्हणजे सासूबाई आणि नवरा दोघंही जिंकले. खोबरेल शनिवारी, माशाच्या दिवशी. सासऱ्यांसाठी अर्ध्या लिटरची वेगळी बाटली भरून त्यावर महिन्याचं नाव लिहिलं, त्यांना अपमान वाटेल म्हणून घाबरत होते, तर उलट झालं, ते रोज रात्री बाटली उजेडाला धरून बघतात आणि शाळेच्या ग्रुपवर फोटो टाकतात की २२ तारखेला एवढं उरलं. चार जणांचं मिळून मागच्या महिन्यात सव्वातीन लिटर झालं, तूप पाव किलो. वजन दीड किलो उतरलंय. शुगर सकाळची थोडी खाली आहे पण चालणं पण वाढवलंय त्यांनी, त्यामुळे शंकेखोर, मी कशालाही श्रेय देत नाहीये, शांत राहा.

शंकेखोर
शांतच आहे. फक्त एक, जून-जुलै चालू आहे, घरात लोणचं घातलं असेल ना? त्यातलं तेल धरलंत?

केतकी_पंचवटी
...

दोन बरण्या. आणि सासरे भाजी कमी तेलाची झाल्यापासून वरणभातावर खार ओतून घेतायत, मला वाटलं आंब्याची आवड वाढली. थांबा, पळी शोधून येते, बरणीत तीच आहे बहुतेक.